जसलोक ते पवनार

नागपूरहून जुन्या वर्धा रस्त्याने निघाले की बुटीबोरी, केळझर, सेलू मागे पडते आणि पवनारला धाम नदीचा पूल येतो. पुलाजवळच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम आहे. या आश्रमात ५ नोव्हेंबर १९८२ रोजी सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातले डॉक्टर तातडीने आले, उपचार सुरू झाले आणि ते लागूही पडू लागले. प्रकृती सावरते आहे असे भोवतालच्या माणसांना वाटत असतानाच, ८ तारखेच्या संध्याकाळपासून विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध ही तिन्ही बंद केली. आश्रमातल्या भगिनी आणि लांबून आलेले स्नेही विनवीत राहिले, पण ते बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांनी देह ठेवला.

या सात दिवसांविषयी आपण बहुतेक वेळा हात जोडून बोलतो. संताने देह ठेवला, एवढ्यावर विषय मिटतो. पण त्या खोलीत डॉक्टरही होते. डोळ्यांसमोरच्या रुग्णाला औषध उपयोगी पडते आहे आणि तो ते घ्यायला तयार नाही, अशा वेळी काय करायचे? नाकातून नळी घालायची? हाताला सलाइन लावायचे? तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ३०९ कलम होते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. आणि रुग्णाने शुद्धीत राहून दिलेला नकार मानावा असे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगणारा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अजून दिलेला नव्हता. तरीही विनोबांवर कुणी जबरदस्ती केली नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्या आठवड्यात जे केले, किंवा करायचे टाळले, ते कायद्याच्या भाषेत यायला पुढे छत्तीस वर्षे लागली.

या प्रश्नाशी सेवाग्रामच्या मंडळींची गाठ पहिल्यांदा पडत नव्हती. कस्तुरबा रुग्णालय आणि त्याला जोडून १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय हे डॉ. सुशीला नय्यर यांचे काम. आणि ज्या बाईंचे नाव रुग्णालयाला आहे, त्या कस्तुरबांच्या अखेरच्या दुखण्यात सुशीलाबेन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्या उशाशी होत्या.

फेब्रुवारी १९४४. कस्तुरबांचे हृदय थकले होते, छातीत कफ भरला होता. सोबत स्थानबद्ध असलेले डॉ. गिल्डर आणि सुशीला नय्यर उपचार करत होते. धाकटे चिरंजीव देवदास यांनी खटपट करून पेनिसिलिन मिळवले. त्या वेळी हे औषध युद्धावरच्या सैनिकांसाठी राखलेले असे. हिंदुस्थानात ते बहुतेकांनी नुसते ऐकले होते. ते दर काही तासांनी टोचावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी विरोध केला. निघालेल्या जिवाला आता सुयांनी छळू नये, ईश्वरावर सोपवावे, असे त्यांचे म्हणणे. देवदासांनी वाद घातला आणि अखेर ऐकले. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या.

या प्रसंगाच्या हकिकती वाचताना माझे मन एका जागी अडते. पती बोलतो, मुलगा बोलतो, डॉक्टर बोलतात. कस्तुरबांचा स्वतःचा शब्द मात्र फारसा सापडत नाही. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या का हा वैद्यकाचा प्रश्न झाला, आणि इतक्या उशिरा कदाचित नसत्याच. पण स्वतःसाठी औषध नाकारणे आणि दुसऱ्यासाठी ते नाकारणे यांत अंतर आहे. प्रेम कितीही असले तरी हे अंतर बुजत नाही. आज कुठल्याही रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नातेवाइकांत तोच देवदास दिसतो आणि तेच गांधीजीही दिसतात.

विनोबांनी एकदा आपला नकार मागेही घेतला होता. भूदानाची पदयात्रा बिहारात असताना, १९५२ च्या डिसेंबरात, चांडिल इथे त्यांना जीवघेणा मलेरिया झाला. औषध घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. ताप चढत गेला, दिल्लीहून आणि पाटण्याहून विनवण्या आल्या, आणि शेवटी लोकांच्या इच्छेला मान देऊन त्यांनी औषध घेतले. ते बरे झाले आणि त्यानंतर आणखी तीस वर्षे जगले. ग्रामदानाचा प्रसार, चंबळच्या दरोडेखोरांची शरणागती, ब्रह्मविद्या मंदिर हे सगळे या तीस वर्षांतले. म्हणजे औषधाच्या एका घोटाने माणसाच्या आयुष्यात किती काही मावू शकते, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होते. १९८२ चा नकार हा औषधाची किंमत न कळलेल्या माणसाचा नव्हता, एवढे यावरून मला दिसते.

पण पवनारची गोष्ट एकटी सांगता येत नाही. तिच्याआधी जसलोकची गोष्ट सांगावी लागते.

१९ एप्रिल १९५४ रोजी बोधगयेच्या सर्वोदय संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी भूदानाच्या कामाला जीवनदान दिले, ते विनोबांसमोर. वीस वर्षे हे दोघे एका वाटेने चालले. १९७४ च्या बिहार आंदोलनाने वाटा वेगळ्या केल्या. आणीबाणी लागताच, २६ जून १९७५ च्या पहाटे, जेपींना दिल्लीत अटक झाली आणि पुढे चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध ठेवले गेले. पवनारला विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या मौनात त्यांनी पाटीवर लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने भिंतीभिंतीवर लावले. चंडीगडला जेपींची प्रकृती ढासळत गेली. १२ नोव्हेंबरला त्यांना सोडले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली होती. तुरुंगात हयगय झाली, असा आरोप पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. दिल्लीहून त्यांना मुंबईला आणले गेले आणि २२ नोव्हेंबरला पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात दाखल केले. तिथले मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी डायलिसिस सुरू केले.

जेपी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. वयाचा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ज्या शहरातून हे तंत्र जगभर गेले, त्या शहरात त्यांना हा उपचार सुरुवातीच्या वर्षांत मिळालाच नसता.

ती हकिकत थोडी मागून सांगतो. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवले. रक्त नळीतून फिरायचे, पिंप क्षारांच्या पाण्यात गरगरायचे, रक्तातली घाण पाण्यात उतरायची. पहिले बहुतेक सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई बेशुद्धीतून परत आली आणि जगली. ती नाझींना मिळालेली होती, गावाचा तिच्यावर राग होता. कोल्फने ते पाहिले नाही. या यंत्राच्या इतिहासातला पहिला नैतिक निर्णय मला तो वाटतो.

यंत्र झाले, पण दर खेपेला रुग्णाची नवी रक्तवाहिनी कापावी लागे. काही खेपांनंतर कापायला जागा उरत नसे. त्यामुळे मूत्रपिंडे कायमची गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी टेफ्लॉनची वाकवलेली नळी हातात कायमची बसवायची युक्ती काढली आणि ९ मार्च १९६० रोजी ती क्लाइड शील्ड्स नावाच्या यंत्रकारागिराच्या हातात बसवली. शील्ड्स आणखी अकरा वर्षे जगला. त्या एका नळीने एक मरण टळले, आणि त्याचबरोबर एक प्रश्न जन्माला आला. यंत्रे मोजकी, मरणारे पुष्कळ. मग कोणाला घ्यायचे?

सिॲटलने सात जणांची समिती नेमली. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद. नावे गुप्त. डॉक्टरांनी आधी चाळणी लावायची. पंचेचाळिशीच्या वरचे आणि लहान मुले तिथेच गळायची. उरलेल्यांतून समितीने निवडायचे. वय, लग्न, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, धंदा, चर्चमध्ये जातो की नाही, सगळे बघितले जाई. शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात ही समिती उजेडात आणली आणि अमेरिका हादरली. कोण जगावे हे बंद दाराआड सात माणसे ठरवतात, आणि तेही समाजाला कोण अधिक उपयोगी हे तोलून! लोकांनी तिला देवाची समिती म्हटले. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकी संसदेने मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळपास सर्वांच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यातून द्यायचा कायदा केला, तेव्हा समितीची गरज संपली.

जेपी जसलोकला आले ते यानंतर तीन वर्षांनी. भारतात तेव्हा नियमित डायलिसिस होणारी केंद्रे बोटांवर मोजण्याएवढी. त्याच डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. व्यासपीठावर स्वागताध्यक्ष म्हणून केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणीबाणी होती, सेन्सॉर होता. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी जेपींना आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थना करायला सांगितले. मंडपातली हजारो माणसे उभी राहिली. एका माणसाच्या रक्तातली घाण मुंबईत यंत्रावर निघत होती आणि कऱ्हाडच्या मांडवात मराठी माणूस त्याच्यासाठी निःशब्द उभा होता. डायलिसिसचा इतका सार्वजनिक रुग्ण या देशात दुसरा झाला नाही.

मुंबईत जन्मभर राहणे शक्य नव्हते. जेपींना पाटण्याला, आपल्या घरी जायचे होते. त्यासाठी घरी चालेल असे यंत्र हवे, आणि त्याला पैसे हवेत. स्नेह्यांनी लोकांकडे हात पसरला. लहान लहान देणग्या जमू लागल्या. इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदतनिधीतून ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ते परत केले. लोकांच्या पैशातून यंत्र आले आणि कदमकुआँच्या घरात बसले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. जगायला यंत्र हवे असलेला माणूस यंत्राचे पैसे नाकारतो, पण यंत्र नाकारत नाही. आपले जगणे कोणाच्या हातून घ्यायचे, एवढे तो ठरवतो. जेपींच्या बाबतीत उपोषणे, कारावास, आंदोलने यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा परत गेलेला धनादेश मला त्या सगळ्यांइतकाच मोठा वाटतो.

आणि यंत्रावरची ही चार वर्षे नुसती श्वास मोजण्याची नव्हती. दर एक-दोन दिवसांनी कित्येक तास यंत्राला जोडून घ्यायचे, पाणी मापून प्यायचे, हाताची नळी जपायची, हे सांभाळून त्यांनी विरोधी पक्षांची मोट बांधली. ६ फेब्रुवारी १९७७ ला रामलीला मैदानावरच्या सभेत ते बोलले. २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना त्यांनी शपथ दिली. मे महिन्यात ते उपचारांसाठी सिॲटलला गेले. जिथे कधीकाळी समितीने पंचेचाळिशीच्या पुढच्यांना दारातून परत पाठवले असते, तिथे हा चौऱ्याहत्तर वर्षांचा भारतीय म्हातारा रुग्ण म्हणून पोहोचला. २२ मार्च १९७९ ला ते जसलोकमध्ये अत्यवस्थ असताना लोकसभेत त्यांच्या निधनाची चुकीची घोषणाही झाली, श्रद्धांजली वाहून सभागृह तहकूब झाले. जेपी जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ च्या पहाटे पाटण्याच्या घरी ते गेले.

तीन वर्षांनी विनोबा गेले, त्यांनी औषध नाकारले. जेपींनी यंत्र स्वीकारले. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पुष्कळ जण एकाला उंच आणि दुसऱ्याला ठेंगणे करतात. विनोबा आसक्तीतून सुटले, जेपी जगण्याला चिकटून राहिले, असे बोलणारे सर्वोदयातलेही मी ऐकले आहेत. हे मला मान्य नाही. दोघांनाही निवड करता आली. दोघेही शुद्धीत होते, दोघांचा शब्द ऐकला गेला, दोघांच्या दाराशी उत्तम डॉक्टर उभे होते. विनोबांच्या नकाराला वजन आले ते औषध हाताशी होते म्हणून. हाताशी नसलेली गोष्ट नाकारता येत नाही. ती फक्त मिळत नाही.

महाराष्ट्रात अशा मरणांची परंपरा आधीचीही आहे. सावरकरांनी १९६४ मध्ये आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक सांगणारा लेख लिहिला आणि १ फेब्रुवारी १९६६ पासून अन्न-औषध सोडून त्याच महिन्याच्या २६ तारखेला ते गेले. जैनांचा संथारा तर शतकांपूर्वीचा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तो आत्महत्येत काढला आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ज्ञानदेवांच्या समाधीपुढे माथा टेकणाऱ्या मुलखाला ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस परका नाही. आपल्याला परके वाटते ते त्यानंतरचे काम: त्याला नीट विचारणे, त्याचे उत्तर लिहून ठेवणे आणि ते पाळणाऱ्या डॉक्टरला संरक्षण देणे.

ते काम न्यायालयांनी केले, तेही अडखळत. मुंबई पोलिसांतल्या एका मनोरुग्ण शिपायाने बायकोला भाजीच्या ठेल्याची परवानगी मिळेना म्हणून महापालिकेत अंगावर रॉकेल ओतून घेतले. त्याच्या खटल्यात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी ३०९ कलमच घटनाबाह्य ठरवले. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ग्यान कौर प्रकरणात ती दिशा फिरवली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही. मात्र सन्मानाने जगण्यात शेवटचा टप्पा सन्मानाने पार पडणेही आले, अशी एक फट त्याच निकालात राहिली.

मग अरुणा शानबाग. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला आणि त्या जवळपास बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी मरण मागितले, केईएमच्या परिचारिकांनी त्यांच्यासाठी जगणे मागितले. ७ मार्च २०११ च्या निकालात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी परिचारिकांचे ऐकले, आणि त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील असेही सांगितले. केईएममध्ये त्या दिवशी परिचारिकांनी पेढे वाटले. एवढ्या वर्षांत अंगाला एक शय्याव्रण होऊ न देणाऱ्या त्या हातांविषयी मला काय वाटते ते शब्दांत सांगता येत नाही. तरीही कस्तुरबांच्या खोलीतला प्रश्न तिथेही होताच. अरुणाताईंचा शब्द कुठे होता?

तो शब्द आधीच लिहून ठेवण्याची सोय ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिली. शील्ड्सच्या हातात नळी बसली ती तारीखही ९ मार्चच. अठ्ठावन्न वर्षांचे अंतर. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, शुद्धीत असलेला प्रौढ रुग्ण उपचार नाकारू शकतो, आणि पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे इच्छापत्रात आधी नोंदवू शकतो, असे त्या निकालाने सांगितले. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, म्हणून ते कोणी करेना. २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवायचे तर डॉक्टरांची दोन मंडळे पाहतात, आणि प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. पवनारला १९८२ मध्ये डॉक्टरांनी मनाने जे केले, त्याला आता कागद आहे.

आता नागपूर. आमच्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, इंदिरा गांधी महाविद्यालयाला अजून ‘मेयो’ म्हणतात आणि सुपर स्पेशालिटी रुग्णालयाला ‘सुपर’. या तिन्ही ठिकाणी भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, आणि राज्याची हद्द ओलांडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून माणसे येतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातून येणारा रुग्ण दोष तिथल्या खाऱ्या पाण्याला देतो. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे न तपासल्याचा दोष बहुधा कोणी कोणाला देत नाही.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास. एका खेपेला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी यंत्रातून जाते, आणि त्या यंत्राला जोडलेल्या माणसाला दिवसभरात लिटरभर पाणी पिण्याचीही धास्ती असते. नागपूरच्या मे महिन्यात हे काय असते ते अनुभवणाऱ्यालाच ठाऊक. तीनदा करायचे ते पुष्कळ जण दोनदाच करतात. कोणी गाडीभाड्यापायी, कोणी मजुरी बुडते म्हणून, कोणी सोबत यायला माणूस नाही म्हणून. मग दोनाचे एक होते. एक दिवस येणे थांबते. डायलिसिस पूर्ण थांबल्यावर माणूस बहुधा आठ-पंधरा दिवस काढतो. पवनारचे सात दिवस त्याच मापातले.

सरकारने काहीच केले नाही असे नाही, आणि जे झाले ते मोठे आहे. २१ नोव्हेंबर २०१३ ला नागपुरातच सोनिया गांधींच्या हस्ते राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, तेव्हा देशात दरवर्षी मूत्रपिंडे निकामी होणाऱ्या नव्या रुग्णांचा आकडा २.२ लाख सांगितला गेला आणि त्यामुळे वाढणाऱ्या डायलिसिसच्या खेपा ३.४ कोटी. जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. त्याच वर्षी ‘सुपर’मध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होऊ लागले. जेपींसाठी लोकांनी वर्गणी काढून जे आणले, ते आज शिधापत्रिका दाखवून मिळू शकते. यात मला खरोखर आनंद आहे.

पण योजना सुई-यंत्राचे पैसे देते. गडचिरोलीतल्या एटापल्लीहून निघणारी बस, सोबत्याची बुडालेली मजुरी, फुटपाथवरची रात्र, डायलिसिसच्या सुयांसाठी हातात केलेला फिस्टुला बंद पडला की करावी लागणारी धावपळ, हे घराच्या अंगावर असते. मग घरातच बैठक होते. धाकटीचे लग्न, दीड एकर, बैलजोडी, बापाचे वय, सगळे मांडले जाते. सिॲटलची ती समिती, जी अमेरिकेला लाजिरवाणी वाटली, ती आपल्याकडे मोडलीच नाही. ती घराघरांत बसते. तिच्यात वकील नसतो, धर्मोपदेशक नसतो. असतो तो मुलगा, ज्याला बापाच्या जिवाचा आणि मुलीच्या शाळेचा हिशेब एकाच वहीत करावा लागतो. आणि निकाल लागला की रुग्णालयाच्या कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ अशी नोंद होऊन खाली त्याचीच सही घेतली जाते. वॉर्डात याला ‘डामा’ म्हणतात. मला हा शब्द खोटा वाटतो. तो मुलगा सल्ल्याविरुद्ध गेलेला नसतो. सल्ला पाळायला लागणारे बळ त्याच्यापाशी नसते. विनोबांचा नकार आणि ही सही, दोन्ही कागदावर ‘उपचार थांबवले’ असेच दिसतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पैसा असलेल्या घरातल्या नव्वदीच्या आजोबांना, ज्यांना आता आपण कुठे आहोत हेही उमगत नाही, हात बांधून आठवड्यातून तीनदा यंत्रावर घातले जाते, कारण ‘थांबवा’ म्हणणारा मुलगा व्हायला कोणी तयार नसतो. तिथे कायद्याने दार उघडून ठेवले आहे. आत जायला धजत नाहीत ते डॉक्टरही आणि घरचेही. गरिबाच्या घरी प्रश्न विचारायच्या आत उत्तर ठरते, श्रीमंताच्या घरी प्रश्न कोणी काढतच नाही. दोन्हीकडे बोलणी दाराबाहेर होतात आणि रुग्ण दाराच्या आत असतो.

अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही, हे खरे. कस्तुरबांच्या वेळी उशीर झाला होता, अरुणाताईंना तर विचारणेच शक्य नव्हते. डायलिसिसच्या रुग्णाचे तसे नसते. सुया लागल्या, पट्टी चिकटवली, यंत्र घरघरू लागले की तो छताच्या पंख्याकडे पाहत पडलेला असतो. शेजारच्या खाटेवरच्याशी पावसाबद्दल बोलतो, सिस्टरला वजन किती भरले ते विचारतो. चार तास तो जागाच असतो.